खैराचा काथ आणि पुण्याचे नाक

शल्यविद्येचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी स्वभावतःच शस्त्राकडे जाते. कोणता छेद प्रथम कोणी घेतला, कोणती त्वचा कोठून उचलून कोठे बसविली, याची नोंद सालवार राहते. परंतु छेद घेऊन झाल्यावर जे दहा-वीस दिवस रोगी आणि वैद्य या दोघांचीही कसोटी पाहतात, त्या दिवसांत जखमेवर काय लावले, ते कशाने बांधले आणि केव्हा सोडले, हा वृत्तान्त बहुधा एखाद्या ओळीत आटोपला जातो. वस्तुतः उचललेली त्वचा नव्या जागी जगेल की कुजेल, याचा निकाल याच दिवसांत लागत असतो. पुण्याच्या परिसरात अठराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या एका नासासंधानाची कीर्ती जगभर गेली. पाश्चात्त्य देशांतील आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा आरंभ त्या घटनेपासून मोजण्याचा प्रघात आहे. परंतु त्या प्रयोगात शस्त्राइतकेच ज्याचे महत्त्व होते, त्या खैराच्या काथाकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो काथ आणि त्याच्या कुळातील इतर वनस्पतिज लेप हा आहे.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धाचा शेवट मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तहाने झाला. या मोहिमेत पेशव्यांच्या वतीने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा इंग्रज व निजाम यांच्या जोडीने टिपू सुलतानावर चालून गेल्या होत्या. अशा मोहिमेत शिपायांच्या मागे दाणागोटा, तोफा आणि दारूगोळा वाहणाऱ्या बैलांचे तांडे असत, आणि ते हाकणारी माणसे बहुधा निःशस्त्रच असल्यामुळे शत्रूच्या स्वाऱ्यांना तीच प्रथम बळी पडत. इंग्रजी फौजेच्या चाकरीत असलेला कावसजी नावाचा असाच एक बैलहाक्या टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. नावाचे इंग्रजी रूप पारशी वळणाचे दिसत असले, तरी समकालीन वृत्तान्तात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. कैदेत त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला आणि पुढे कंपनी सरकारकडून त्यास निवृत्तिवेतन मिळू लागले.

नाक कापण्याची शिक्षा त्या काळी काही अपूर्व नव्हती. राजदंड म्हणून, वैऱ्याची विटंबना म्हणून, आणि घरोघरीच्या संशयातून उद्भवलेल्या सूडापायी स्त्रियांच्या बाबतीतही हे क्रौर्य घडत असे. ज्या समाजात ही इजा वारंवार होते, त्या समाजात तिच्यावर इलाज करणारा हुन्नरी वर्गही निर्माण व्हावा, हे क्रमप्राप्तच होते. इसवी सन १६८६ च्या सुमारास औरंगजेबाच्या फौजा विजापुरावर चालून आल्या, त्या वेळी विजापूरकरांनी नाके कापून सोडलेल्या मोगल छावणीतील लोकांविषयी इटालियन प्रवासी निकोलाव मनुची याने लिहून ठेवले आहे की, देशी जर्राह भुवयांच्या वरची कपाळाची कातडी सोडवून ती नाकाच्या जखमेवर उतरवीत, तिला पीळ देऊन ओला भाग ओल्या भागाशी भिडवीत, आणि वर औषधे लावून ती जुळवीत. अशी नाके असलेली पुष्कळ माणसे आपण पाहिल्याचेही तो सांगतो. म्हणजे पुण्याच्या घटनेपूर्वी शंभराहून अधिक वर्षे दख्खनेत ही कला नांदत होती, आणि तिच्यात शस्त्राच्या जोडीने औषधही होते.

कावसजी वर्षाहून अधिक काळ नाकाविना राहिला आणि त्यानंतर, १७९३ च्या मार्चच्या सुमारास, पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा भाजणाऱ्या जातीतील एका माणसाने त्यास नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने, शस्त्रक्रियेस दहा महिने झाल्यावर, जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचे चित्र काढले. हाच वेल्स पुण्यात कंपनीचा वकील सर चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची चित्रे काढीत होता, आणि गंगाराम तांबट हा पुणेकर चित्रकार त्याचा साहाय्यक होता. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात त्या चित्राचे उत्कीर्णन आणि शस्त्रक्रियेचे वर्णन एका पत्राच्या रूपाने प्रसिद्ध झाले. चित्रकाराचे नाव राहिले, त्याच्या साहाय्यकाचे राहिले, पाहणाऱ्या दोघा वैद्यांचे राहिले, रोग्याचेही राहिले. ज्याच्या हातांनी हे सर्व घडले, त्याची केवळ जात नोंदली गेली.

त्या पत्रातील तपशील मोठा मोलाचा आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्यास नाकाचा आकार देण्यात येई. मग तो सपाट करून कपाळावर ठेवीत, त्याच्या कडेने रेघ आखीत, आणि तेवढी कातडी सोडवून काढीत. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध मात्र कातडीची एक अरुंद पट्टी न कापता तशीच ठेवण्यात येई, कारण तिच्यातून रक्ताचा पुरवठा चालू राही. खुंटावरील जुना व्रण खरवडून ताजा केल्यावर त्याच्या मागे, नाकपुड्यांच्या भोवतीने वरच्या ओठापर्यंत, छेद घेत. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणीत आणि तिची कड त्या छेदात बसवीत. वर्णनात सुईदोऱ्याचा उल्लेख कोठेही नाही. त्याऐवजी थोडा काथ पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरीत आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकीवर एक लावून सांधा पक्का करीत. चार दिवस या लेपाखेरीज दुसरे काहीही जखमेस लावीत नसत. चार दिवसांनी काथ काढून तुपात भिजवलेली कापडे ठेवीत. पहिले पाच-सहा दिवस रोग्यास उताणे निजवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालीत. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापून नाकास शेवटचा घाट देत.

या क्रमात कारागिराची शहाणीव कोठे आहे, हे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. खैराच्या लाकडाचा तांबूस गाभा उकळून व आटवून जो घन उतरतो तोच काथ, आणि त्यात टॅनिन व कॅटेचिन ही तुरट द्रव्ये विपुल असतात. टॅनिनाचा धर्म असा की, ते प्रथिनांशी संयोग पावून त्यांना आवळून घट्ट करते. ताज्या जखमेच्या कडेवरील रक्तद्रवात प्रथिने असतात. काथ त्यांना गोठवून पातळ पापुद्रा धरतो, झिरपणारे रक्त आटोक्यात आणतो, आणि सुकू लागताच कापडासह कठीण होऊन दोन्ही कडा जागच्या जागी धरून ठेवतो. टाका हा प्रत्येक ठिकाणी कातडीस भोक पाडतो आणि ओढला गेल्यास कडेचा रक्तपुरवठा आवळतो. ज्या कातडीचे प्राण एका अरुंद पट्टीवर अवलंबून आहेत, तिच्या बाबतीत हा धोका लहान नव्हे. पट्ट्यांच्या थरांनी तोच ताण सर्व सांध्यावर सारखा वाटला जातो. पुढे चार दिवसांत कडा एकमेकींस धरू लागल्या की कोरडेपणाचे प्रयोजन संपते आणि कठीण पापुद्रा ओढून काढल्यास नवी जोड उसवण्याची भीती उत्पन्न होते; म्हणून त्यापुढे तूप, जे जखमेस मऊ ठेवते आणि कापडास चिकटू देत नाही. आधी आवळणारे व सुकविणारे द्रव्य, मागाहून स्निग्ध द्रव्य, हा क्रम अनुभवाने ठरलेला आणि हेतुपूर्वक पाळलेला होता, हे उघड आहे.

हाच हेतू प्राचीन ग्रंथात कोणत्या स्वरूपात येतो, ते पाहण्याजोगे आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कर्णवेध, फाटलेल्या कानाच्या पाळीची जोडणी आणि तुटलेल्या नाकाचे संधान हे विषय एकत्र आले आहेत, आणि पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार तेथे सांगितले आहेत. नाकाकरिता झाडाचे पान नाकाच्या मापाने कापून घ्यावे, त्या मापाची कातडी गालावरून सोडवावी, ती खरवडलेल्या नासिकाग्रावर बसवून नीट बांधावी, श्वासाकरिता दोन नळ्या घालून नाक उचलून धरावे, आणि मग पतंगाचे लाकूड, ज्येष्ठमध व अंजन यांचे चूर्ण त्यावर पसरावे. वर पांढरा कापूस ठेवून तो तिळाच्या तेलाने वरचेवर भिजवीत राहावे, असा विधी आहे. रोग्याचे पचन पाहून तूप पाजावे व रेचन द्यावे, असेही पुढे म्हटले आहे. नाक रुजल्यावर ते कमी पडले तर वाढवावे आणि मांस अधिक वाढले तर समान करावे, इतकी दूरदृष्टीही त्यात आहे.

यांपैकी अंजन म्हणजे दारुहळदीच्या काढ्यापासून काढलेले रसांजन, असा अर्थ अनेक जण घेतात. ही तीन द्रव्ये सहज हाती लागली म्हणून घेतलेली नसावीत. पतंगाचे लाकूड रंजक आणि तुरट; ज्येष्ठमध दाह शमविणारे; दारुहळदीत बर्बेरीन हा जंतूंस प्रतिबंध करणारा पिवळा क्षारक. त्याच ग्रंथात शिवलेल्या जखमेवर टाकावयाच्या चूर्णात गव्हला, अंजन, ज्येष्ठमध आणि लोध यांची गणना आहे. आणि शिवण्यासाठी जे धागे सांगितले आहेत, त्यांत ताग, जवस व मूर्वा यांच्या जोडीला गुळवेल आणि अश्मंतक, म्हणजे दसऱ्याला ज्याची पाने आपण सोने म्हणून लुटतो तो आपटा, यांचेही तंतू आहेत. व्रणचिकित्सेच्या साठ उपक्रमांची जी प्रसिद्ध गणना चिकित्सास्थानाच्या आरंभी येते, तीत छेदन, भेदन यांसारखी शस्त्रकर्मे आहेत खरी. पण कषाय, वर्ती, कल्क, घृत, तैल, रसक्रिया आणि चूर्ण यांचा विस्तार त्यांहून मोठा आहे. आधी शोधन, मग रोपण, हे त्या चिकित्सेचे सूत्र. जखम निर्मळ झाल्याखेरीज ती भरून आणण्याची घाई करू नये, हा त्याचा भावार्थ.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. पुण्याच्या त्या कारागिराने सुश्रुताचा ग्रंथ वाचला होता, अशी कल्पना करण्यास कोणताही आधार नाही. आणि दोहोंतील भेद तर ठळक आहेत. ग्रंथात पान, पुण्यात मेण. ग्रंथात गालाची कातडी, पुण्यात कपाळाची. ग्रंथात चूर्ण व तेल, पुण्यात काथ व तूप. ज्ञानाची गंगा एकाच उगमापासून अखंड वाहत आली असे म्हणून समाधान मानण्यापेक्षा, निरक्षर म्हणविल्या गेलेल्या एका वर्गाने पिढ्यान्‌पिढ्या प्रयोग करून ही पद्धत स्वतः घडविली, असे मानणे मला अधिक न्याय्य वाटते. ज्याची रोजची वहिवाट माती, पाणी आणि भट्टी यांच्याशी आहे, त्यास ओला पदार्थ सुकताना किती आवळतो आणि केव्हा तडकतो याचे ज्ञान पोथीतून मिळवावे लागत नाही.

काथ पुण्यास दुर्मिळ असण्याचे कारणच नव्हते. घाटाखालच्या कोकणपट्टीत, ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात, खैराची झाडे विपुल होती, आणि काथ पाडण्याच्या धंद्यावरूनच ज्यांस काथोडी किंवा कातकरी हे नाव पडले, ते लोक लाकडाचा गाभा बारीक तोडून मडक्यांतून उकळीत, आटवीत आणि त्याच्या वड्या पाडीत. विड्याच्या पानाबरोबर तो घरोघरी जाई. इसवी सन १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने काथावर स्वतंत्र संवाद लिहिला असून, काथाच्या वड्या पाडताना त्यात नाचणीचे पीठ मिसळीत, अशी बारीक नोंदही केली आहे. पुढे इंग्रजी अमलात जंगलखात्याने राखीव जंगलांत लाकूडतोडीस बंदी घातली, तेव्हा कातकऱ्यांचा हा पिढीजात धंदा बुडत गेला आणि ते मजुरीवर आले. ज्या द्रव्याने नाके जुळत होती, ते पाडणाऱ्यांची दखल शल्यविद्येच्या इतिहासाने कधी घेतली नाही.

काथाचा पुढील प्रवास मोठा उद्बोधक आहे. मुंबईत कंपनीच्या सेवेत असलेला हेलिनस स्कॉट हा वैद्य लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष सर जोसेफ बँक्स याच्याशी पत्रव्यवहार करीत असे. १७९० च्या दशकातील त्या पत्रांत त्याने येथील लोक नाके कशी बसवितात हे कळविले आणि कातडीचे भाग जोडण्यासाठी जो काथ वापरला जातो, त्याचा नमुनाही विलायतेस पाठविला. बँक्सचे लक्ष काथाकडे गेले खरे, पण ते त्याच्या तुरटपणाकडे. युरोपियन औषधविक्रेते तोवर या द्रव्यास जपानची माती समजत आणि तशाच लॅटिन नावाने विकीत. बँक्सच्या सूचनेवरून हंफ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाने मुंबईचा व बंगालचा काथ तपासला आणि १८०३ मध्ये आपले निष्कर्ष रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले: मुंबईच्या काथाच्या २०० भागांत १०९ भाग टॅनिन, बंगालच्या काथात ९७ भाग. हा सारा खटाटोप कशासाठी, तर ओक वृक्षाच्या सालीऐवजी काथाने कातडे कमावता येईल काय, हे पाहण्यासाठी. रसायनाच्या दृष्टीने यात विसंगती काहीच नाही. जे द्रव्य ढोराच्या कातड्यातील प्रथिने बांधून त्याचे चामडे करते, तेच जखमेच्या कडेची प्रथिने बांधून पापुद्रा करते. परंतु परिणाम असा झाला की, पुण्याच्या एकाच कृतीचे लंडनमध्ये दोन तुकडे झाले: शस्त्र शल्यवैद्याकडे गेले आणि काथ कातडी कमावणाऱ्याकडे.

शस्त्राचा तुकडा जोसेफ कार्प्यू याच्या वाट्यास आला. ‘जेंटलमन्स मॅगझिन’मधील वर्णन वाचून त्याने हिंदुस्थानात राहून आलेल्या लोकांकडे चौकशी केली, मृतदेहांवर सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया यशस्वी रीतीने केली. १८१६ मध्ये त्याने आपल्या दोन रोग्यांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने दिला. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे याचा या विषयावरील ग्रंथ निघाला, आणि तेथून ही विद्या युरोपभर पसरली. कार्प्यूने कपाळाची कातडी, तिची जोडपट्टी आणि तिला द्यावयाचा पीळ ही सर्व अंगे पुण्याची घेतली. कडा मात्र टाक्यांनी जोडल्या. काथ गळाला. विलायतेतील वैद्याला सुईदोऱ्याची सवय होती, आणि काथाचे कार्य काय, हे त्यास कोणी सांगितलेही नव्हते.

आपल्या देशात ही कला त्यानंतरही चालू राहिली. जुनागढ संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभोवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ मध्ये नासासंधानावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तो शंभराहून अधिक रोग्यांच्या अनुभवावर आधारलेला होता. काठेवाडात बंडखोर दरोडेखोरांनी त्या काळी नाके कापण्याचा सपाटाच लावला होता. मात्र तोवर वैद्यकाची दृष्टी पालटली होती. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जंतुनाश करण्याची रीत जाहीर केली, आणि जखम कुजण्याचे कारण जंतू हे सिद्ध झाल्यावर, ज्या लेपाचे जंतुशुद्धीकरण झालेले नाही तो प्रत्येक लेप संशयास्पद ठरला. तो संशय निराधार नव्हता. अस्वच्छ पाण्यात कालवलेला पाला, शेण किंवा राख लावल्याने धनुर्वात होऊन माणसे मरत होती, आणि परंपरेच्या नावाखाली हेही चालत होते. कोणता लेप गुणकारी आणि कोणता घातक, हे ठरविण्याची मोजपट्टी परंपरेजवळ नव्हती. शास्त्राजवळ ती होती, पण त्याने ती पुष्कळ काळ या द्रव्यांस लावून पाहिली नाही.

टॅनिनाने एकदा पाश्चात्त्य रुग्णालयात पुनःप्रवेश केला, ती हकीकत या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९२५ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या एडवर्ड डेव्हिडसन या शल्यवैद्याने भाजलेल्या जखमांवर टॅनिक आम्लाचे द्रावण लावण्याचा उपचार पुढे आणला. जखमेवर कठीण कवच धरते, द्रव झिरपण्याचे थांबते, वेदना कमी होतात, हे पाहून तो उपचार सर्वत्र मान्य झाला. पंधरा-वीस वर्षे गेली आणि त्याचे दोष दिसू लागले. हाताच्या बोटांभोवती धरलेले कवच रक्तपुरवठा आवळते, आणि विस्तीर्ण जखमेतून शरीरात शिरलेले टॅनिक आम्ल यकृतास अपाय करते, असे आढळून आले. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे व हात पुन्हा घडविणारा आर्चिबाल्ड मॅकिंडो हा या उपचाराचा कट्टर विरोधक होता. त्याने त्याऐवजी मिठाच्या पाण्याचे स्नान व मऊ पट्ट्या यांचा अवलंब केला, आणि अखेरीस टॅनिक आम्ल मागे पडले. पुण्याच्या कारागिराचा काथ चार दिवसच राहत होता, आणि तोही केवळ सांध्यापुरता. द्रव्य तेच असले तरी मात्रा, क्षेत्र व काल यांची मर्यादा सुटली की औषधाचे विष होते, हा धडा दोन्ही परंपरांनी घ्यावा असा आहे.

परीक्षेची ही मोजपट्टी वनस्पतींस लावून पाहण्याचे मोठे काम अलीकडच्या काळात जेथे झाले, त्यांत मुंबईची रुग्णालये आहेत. वाडिया बाल रुग्णालयात भाजलेल्या मुलांवर उपचार करणारे डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली कापडाच्या पट्टीवर बसवून व निर्जंतुक करून जखमांवर वापरल्या आणि १९८५ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यानंतर शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची पट्टी तयार करून तिची रीतसर तुलना केली. त्वचारोपणासाठी मांडीवरून वा अन्यत्र जी कातडी सोलून घेतात, तेथील उघडी जखम ही रोग्यास मूळ जखमेहूनही अधिक छळते. अशा जागांवर केळीचे पान लावल्यास ते चिकटत नाही आणि पट्टी बदलताना वेदना फारच कमी होतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसून आले. भाजलेल्या जखमांवर बटाट्याची साल आणि केळीचे पान यांची तुलना केली, तेव्हा जखम भरून येण्याच्या बाबतीत दोन्ही सारखीच ठरली. केळीचे पान मात्र पुष्कळच स्वस्त. पानावरील नैसर्गिक मेणचट थर हे त्याचे रहस्य. चार दिवसांनंतर तूप लावणाऱ्या त्या जुन्या कारागिरास जी गोष्ट साधावयाची होती, तीच ही होय: जखम ओलसर राहावी आणि पट्टी तीस चिकटू नये.

हळदीची कथा याच सुमारास न्यायाच्या दारी गेली. जखम भरून आणण्यासाठी हळदीचा उपयोग या विषयावर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील संशोधकांना पेटंट देण्यात आले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, त्या वेळचे तिचे महासंचालक आणि गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, त्यास आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध यांचे पुरावे दाखल झाले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले. आजीने गुडघ्यावर हळद दाबली होती, ही प्रत्येकाच्या घरची साक्ष त्या दाव्यात कामी आली नाही. कामी आला तो लेखी दस्तऐवज. यानंतर पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश तयार करण्याचे काम सरकारने हाती घेतले, ते याच अनुभवामुळे. पुण्याच्या नासासंधानाची माहिती तरी आज आपल्यास कशी आहे? एका परदेशी मासिकातील पत्र आणि एका परदेशी चित्रकाराचे चित्र यांमुळे. करणाऱ्याने लिहून ठेवले नाही, आणि लिहिता येणाऱ्यांना ते लिहिण्याजोगे वाटले नाही.

या दीर्घ वृत्तान्ताचा निष्कर्ष दोन परस्परविरोधी मतांच्या मध्ये कोठेतरी नसून त्या दोहोंच्या बाहेर आहे. सर्व काही आमच्या पूर्वजांस ठाऊक होते असे म्हणणारा, आणि झाडपाल्यात काही अर्थ नाही असे म्हणणारा, हे दोघेही तपासण्याच्या श्रमातून सुटका करून घेत असतात. विटा भाजणाऱ्या त्या अनामिकाने त्वचेच्या जोडीस किती दिवस कोरडे ठेवावे आणि केव्हापासून स्निग्ध ठेवावे हे प्रयोगाने ठरविले होते. त्याचा खरा वारसा काथाच्या वडीत नसून त्या प्रयोगबुद्धीत आहे, आणि तो वारसा शीवच्या वा वाडिया रुग्णालयात केळीचे पान किंवा बटाट्याची साल निर्जंतुक करून, मोजून, तुलना करून पाहणाऱ्या डॉक्टरांनी अधिक इमानाने चालविला आहे, असे मला वाटते. म्हणून वाचकांस दोनच गोष्टी सांगावयाच्या. शस्त्रक्रियेनंतरच्या ताज्या जखमेवर घरचा काथ, हळद किंवा कोणताही पाला शल्यवैद्याच्या संमतीवाचून लावू नये. ज्या कारागिराचे आपण कौतुक करतो, त्यानेही हे काम नवशिक्याच्या हाती कधी दिले नसते. आणि ज्यांच्या घराण्यात, गावात किंवा पाड्यावर जखम भरून आणणाऱ्या एखाद्या वनस्पतीची माहिती अद्याप जिवंत आहे, त्यांनी ती द्रव्य, मात्रा, काल आणि परिणाम या चार रकान्यांनिशी, सांगणाऱ्याच्या नावासह, लिहून ठेवावी आणि तपासणाऱ्यांच्या स्वाधीन करावी.